दुसऱ्या मोज्याचा पंचनामा

गेल्या मार्गशीर्षापासून होळीपर्यंत आमच्या घरात एक मोजा होता. एकच. बाजारातले रबरवाले कप्पाभर होते, पण मी हाताने विणलेला, राखाडी रंगाचा, मध्येच निळी झाक मारणारा असा हा एकच. आणि माझे सासरे, म्हणजे आप्पा, तो पाळीने घालायचे. आज डाव्या पायात, उद्या उजव्या. दुसऱ्या पायात बाजारातला. रात्री मी ताटं उचलत असले की ओट्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात जाहीर करायचे, "आज डाव्या पायाचं आवर्तन आहे बरं का!"

आम्ही निफाडचे. कालव्याला पाणी सुटलं, म्हणजे आवर्तन आलं, की कुणाची पाळी कधी, यावरून इथे सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. त्यात आप्पा तलाठी म्हणून निवृत्त झालेले. सातबारा, फेरफार, आवर्तन, शेरा, याच शब्दांत त्यांचं सगळं घर चालतं. टोमणासुद्धा त्याच भाषेत येतो आणि तो टोमणा आहे हे समजायला अर्धा मिनिट लागतो.

मुळात मोज्यांचं निघालं थंडीवरून. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान हिवाळ्यात पेपरात येतं. पारा 5-6 अंशांवर उतरला की आप्पा ते मोठ्याने वाचतात, जणू त्यांच्याच सजाने, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीने, काही पराक्रम केला. त्या दिवसांत बागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. माणसाच्या पायांचं ज्याचं त्याने बघायचं. आप्पांना शुगर आहे, पाय गार पडतात आणि बाजारच्या मोज्याच्या रबराचे वळ सकाळी घोट्यावर दिसतात. डॉक्टर म्हणाले, रबर घट्ट नको आणि बोटांपाशी जाड शिवण नको. हाताने विणलेल्या मोज्यात रबरही नसतं आणि शिवणही नसते. हे मला माहीत होतं. दवाखान्यातून बाहेर पडतानाच मी बोलून बसले, "मी देते की विणून!"

लोकर नणंदेच्या मुलीने जर्मनीहून आणलेली होती. तिकडे खास मोज्यांची लोकर मिळते, 75 टक्के लोकर, 25 टक्के नायलॉन. 100 ग्रॅमचा गुंडा, त्यात 420 मीटर धागा, चारपदरी. नायलॉन नसेल तर टाच बघता बघता विरते. आपल्याकडच्या स्वेटरच्या ॲक्रिलिकचे मोजे मी एकदा केले होते. पायाला नुसता घाम. सुया सासूबाईंच्या डब्यातल्या, दोन्हीकडून टोक असलेल्या चार, 12 नंबरच्या. सुयांच्या जुन्या नंबरांचा हिशेब उलटा असतो. आकडा मोठा, तितकी सुई बारीक. तिघींवर टाके राहतात आणि चौथी फिरती.

पहिला मोजा तीन आठवड्यांत झाला. त्या तीन आठवड्यांत मी स्वयंपाक केला, नोकरीला गेले, झोपले, असं आता मस्टरवर दिसतं. खरं तर मी तीन आठवडे मोजाच विणत होते. कारण एकच, मला टाच बघायची होती.

टाच म्हणजे मोज्यातली खरी गंमत. वरून 64 टाक्यांची नळी विणत यायचं, त्यात अक्कल लागत नाही. घोट्याशी आलं की निम्मे टाके तसेच ठेवायचे आणि उरलेल्या 32 टाक्यांवर 32 ओळींची पट्टी विणायची. तिथवरही सरळ. मग मात्र ओळ पुरी न करता मध्येच थांबायचं आणि काम उलटायचं. थोडं विणायचं, परत उलटायचं. दर वेळी मध्ये एक फट दिसते. तिच्या अलीकडचा टाका आणि पलीकडचा टाका मिळून दोनाचा एक करायचा, पुढचा एक विणायचा, की परत उलट. दहाबारा ओळी झाल्या की हातातली चपटी पट्टी आपसूक वाकते. खोलगट होते, आमटीच्या वाटीसारखी. 32 चे 18 टाके उरतात आणि समोर टाच तयार. कुठे शिवण नाही, कुठे चुणी नाही. रात्री साडेअकराला मी ती वाटी घेऊन आप्पांच्या खोलीत गेले, दिवा लावला, त्यांना उठवून दाखवली. आप्पांनी बघितली. म्हणाले, "चांगली आहे. दिवा घालव."

आता दुसरा मोजा. त्याचे टाके मी त्याच आठवड्यात घातले. दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर, 20 फेऱ्या, विणूनही झाली. मग एक दिवस पिशवी खुंटीला लागली ती लागलीच.

भाचीला सांगितलं तर म्हणते, "मामी, याला नाव आहे. सेकंड सॉक सिंड्रोम. इकडे सगळ्यांना होतो." आजाराला नाव मिळालं की निम्मं बरं वाटतं. उरलेल्या निम्म्याला तिच्याकडे उपाय होता. म्हणे लांब वायर असलेल्या गोल सुईवर दोन्ही मोजे एकदमच विणायचे, म्हणजे दुसरा असा उरतच नाही. उपाय चांगला आहे. पण पहिला मोजा विणून, धुऊन, आप्पांच्या पायात गेल्यावर तो सांगण्यात काय मतलब होता?

मी माझे उपाय केले. जानेवारीत ठरवलं की एसटीत विणायचं. निफाड ते नाशिक तासभर बसून असते, तेवढ्यात आठ-दहा फेऱ्या सहज होतील. पहिल्याच दिवशी चांदोरीच्या अलीकडे ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि फिरती सुई हातातून सुटून सीटखालून जी गेली ती पार पुढे. कंडक्टरने आणून दिली. "बाई, तुमची का ही? मला वाटलं छत्रीची काडी." सगळी बस बघत होती. दुसऱ्या दिवसापासून पिशवी परत खुंटीला.

मग स्वतःला लालूच दाखवली, मोजा झाला की पैठणच्या ट्रिपला जायचं. मोजा न होताच पैठणला जाऊन आले. शेजारणीच्या नातवाला टोपडं विणलं, ते मात्र तीन दिवसांत. टोपडं एकटं असतं ना! त्याला जोडीदार लागत नाही. आप्पांनी टोपडं बघितलं, हातात घेऊन उलटसुलट केलं आणि इतकंच म्हणाले, "बाळाला डोकं एकच असतं, हे त्याचं नशीब."

भाचीने मध्येच एक फोटो पाठवला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधले मोजे, इजिप्तमध्ये सापडलेले, साधारण 1600 वर्षांपूर्वीचे. लालभडक लोकरीचे आणि पुढे अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी. कारण ती माणसं पट्ट्याच्या चपला घालायची. आपल्याकडे बायका चपलेत घालतात तसलेच. ते आपल्यासारखे विणलेले नाहीत, एकाच सुईने गाठी घेत घेत केलेत, म्हणजे आमच्याहून कितीतरी किचकट काम. मी कौतुकाने आप्पांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि बोट ठेवून मोजलं. "एक. दोन. दोन आहेत."

नंतर होळी आली. होळी जळाली, थंडी पळाली. दुसऱ्या दिवशी एकुलता मोजा धुतला, वाळवला, दोन डांबरगोळ्यांबरोबर पेटीत टाकला. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कुणी विचारणार नाही आता, थेट दिवाळीपर्यंत! त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच नंतर मला लाज वाटली. घरचं माणूस रोज एका पायाने थंडी काढतंय आणि आपण उन्हाळ्याची वाट बघतोय.

अक्षय्य तृतीयेच्या आधी गोधड्या उन्हात घालायला पेटी रिकामी केली तर मोजा वर आला. खुंटीवरची पिशवीही काढली. दोन्ही पुढ्यात घेऊन बसले आणि तेव्हा कुठे मला कळलं की मला कंटाळा आलेलाच नव्हता. मी घाबरले होते.

झालं होतं असं. पहिल्या मोज्यात टाच वळल्यावर पट्टीच्या दोन्ही कडांवरून नवे टाके उचलायचे असतात, एकेका बाजूला 16. मी एका बाजूला एक जास्त उचलला होता, कारण कोपऱ्यात भोक दिसत होतं. मग तो जास्तीचा टाका पुढे कुठेतरी मारला. कुठे? आठवत नव्हतं. पाऊल किती फेऱ्यांचं झालं, तेही नाही. आप्पांच्या पायाला लावून बघत गेले आणि "आता पुरे" वाटलं तिथे चवडा सुरू केला. एका अक्षराचीही नोंद नव्हती. पहिल्या वेळी सगळं अंदाजपंचे जमून गेलं, आणि जे नुसतं जमून गेलंय ते पुन्हा जसंच्या तसं करायचं होतं. त्यात तोच गुंडा, दुसरा मिळायचा नाही. खुंटीकडे बघितलं की पोटात जे हलायचं ते हे होतं. त्याला मी चार महिने आळस म्हणत होते.

आप्पांना सांगितलं. वाटलं होतं हसतील. पण आप्पांचा चेहरा गंभीर झाला, सरकारी कामाला व्हायचा तसा. "नोंद नाही?" म्हणाले. "मग जागेवर जाऊन पंचनामा करावा लागेल."

दुपारचे तीन, वैशाख, लाइट गेलेले. आप्पा पलंगावर, उजव्या पायात लोकरीचा मोजा, पाय माझ्या मांडीवर. पायात घातल्याशिवाय टाके उमलत नाहीत, नीट दिसत नाहीत. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि टाचणीच्या टोकाने टाके मोजायला लागले. विणलेल्या कापडात प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो, एकावर एक रचलेला, गव्हाच्या ओंबीसारखा. एक रांग धरायची आणि वर चढत जायचं. मध्ये आप्पांनी पाय हलवला की रांग चुकते. दोनदा चुकली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आप्पा, हलू नका." तर म्हणतात, "गुदगुल्या होतात, आणि घामही येतोय. लवकर आटप." कपाळावरून घाम निथळतोय, पण हातात पॅड आणि पेन्सिल. मी आकडा सांगायचा, ते लिहायचे.

तो कागद माझ्याकडे आहे. बॉर्डर 20 फेऱ्या. नळी 52 फेऱ्या. टाचेची पट्टी 32 ओळी. उचललेले टाके, डावी बाजू 17, उजवी बाजू 16, "कारण नमूद नाही". वाढीव टाका चौथ्या फेरीत कमी केल्याचे आढळले. दोन्ही बाजूंचे जास्तीचे टाके 18 फेऱ्यांत जिरून पुन्हा 64. त्यापुढे पाऊल 48 फेऱ्या. चवडा 20 फेऱ्या, शेवटी 16 टाके. खाली सही आणि तारीख. पंच म्हणून मुलाची सही घेतली. तो क्रिकेट बघायला लाइट कधी येतात ते विचारायला आत आला होता.

पुढचं काम सोपं झालं. मोजा तोच, पण आता तो वाचता येत होता. मी आकडेमोड केली. सगळा मोजा साधारण 11,000 टाक्यांचा, मिनिटाला माझे सोळाएक टाके होतात, म्हणजे साडेअकरा तास. नुसते साडेअकरा तास! आणि मी पाच महिने तो डोक्यावर घेऊन फिरत होते. सकाळी कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत माझ्या चार फेऱ्या होतात, हे लक्षात आल्यावर मी तास सोडले आणि कुकरमध्ये मोजायला लागले. बॉर्डर झालेलीच होती. टाच सोडली तर उरले 35 कुकर. टाच मी रविवारसाठी राखून ठेवली. तिला कुकर नको, तिला निवांतपणा हवा.

एक गोष्ट आईने लहानपणी शिकवलेली, ती परत सुरू केली. रोज विणायला बसताना जिथे असू तिथल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवायची. उठताना पिनेपासून सुईपर्यंत किती झालं ते दिसतं. सगळा मोजा बघितला तर रोज तेवढाच वाटतो. पिनेपासून बघितलं तर बोटभर तरी वाढलेला असतो. आणि फेरी पुरी करून कधी उठायचं नाही. पुऱ्या फेरीवर ठेवलेलं काम गप्प बसतं. अर्ध्या सुईवर ठेवलं तर दिवसभर टोचत राहतं. मी डाळीला फोडणी देऊन परत दहा टाके विणायला जायचे. हे चांगलं लक्षण आहे की वाईट, ते मिस्टरांना विचारा. एकदा फोडणी करपली.

नळीचा पट्टा कंटाळवाणाच होता, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. 52 फेऱ्या, सगळ्या सुलट. त्याला काहीही युक्ती नाही. रेडिओ लावून ओढला. पण टाचेच्या रविवारी गंमत अशी झाली की मला वाटत होतं, आता काय नवीन बघायचंय, एकदा बघितलंय. तरी पट्टी वाकली तेव्हा मी विणायची थांबलेच. या वेळी आप्पा जागे होते. त्यांनी वाटी तळहातावर घेतली आणि अंगठ्याने आतून दाबून बघितली. बोलले काही नाहीत. बराच वेळ परत दिली नाही.

चवड्याच्या टोकाला शेवटी 16 टाके उरतात, आठ समोर आठ. ते बंद न करता दाभणाने असे एकमेकांत गुंफायचे की मध्ये एक नवी ओळ विणल्यासारखी दिसते. म्हणूनच बोटांना शिवण लागत नाही. या गुंफण्याला इंग्रजीत किचनरचा टाका म्हणतात. किचनर म्हणजे तोच, आपल्याकडे 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता, ज्याच्याशी भांडण होऊन 1905 मध्ये कर्झनने राजीनामा दिला तो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सैनिकांसाठी घरोघर मोजे विणले जात होते, तेव्हा हा युद्धमंत्री होता. त्याने स्वतः हा टाका काढला अशी एक गोष्ट सांगतात. माझा नाही विश्वास. त्या मिशांखाली दाभण धरून बसलेला माणूस मला दिसत नाही. कुठल्यातरी बाईने काढला असणार. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "काम कोतवालाचं आणि सही तहसीलदाराची, हे तेव्हापासूनच आहे."

मृग निघाला त्या संध्याकाळी मोजा संपला. पहिला पाऊस येऊन गेलेला, हवेत गारवा, लाइट अर्थातच नाहीत. आप्पांनी दोन्ही मोजे घातले आणि शहाबादी फरशीवर व्हरांड्यापर्यंत जाऊन आले. मी खाली बसून टॉर्च मारत होते, उंची सारखी, टाच जागेवर, चवडा सारखा. जमलं होतं. मग त्यांनी पाय वर घेतले आणि पहिल्या मोज्याच्या टाचेवर बोट फिरवलं. "इथे पातळ लागतंय."

होतंच पातळ. हाताने विणलेल्या मोज्याला डावा-उजवा नसतो. दोन पायांचं काम त्या एकट्याने मार्गशीर्ष ते फाल्गुन केलं होतं. टॉर्च आतून लावला तर टाचेखाली रुपयाएवढा उजेड आरपार. नवा मोजा शेजारी ठेवल्यावर रंगही वेगळा दिसायला लागला. एक राखाडी, एक राखाडी होता असा.

मी काही न बोलता स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. एकेका मोज्याला 41 ग्रॅम लोकर गेली होती, गुंड्याची 18 शिल्लक. टाच रफू करायला त्यातली दोन ग्रॅमही लागणार नाही. आप्पा उठले, आपल्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बल्ब काढून आणला. जुना, काचेचा, 60 वॅटचा, आत तार शाबूत. रफू करताना मोज्यात घालायला सासूबाई असाच बल्ब वापरायच्या. आता घरात सगळे एलईडी, त्यांच्या प्लास्टिकवर सुई सरकत नाही. हा त्यांनी इतकी वर्षं कशासाठी ठेवला होता, ते मी विचारलं नाही.

बल्ब माझ्या मांडीवर ठेवून त्यांनी पंचनाम्याचा कागद मागितला. टॉर्च मलाच धरायला लावला. शेवटच्या रकान्यात, शेरा लिहिलं होतं त्याखाली, एकेक अक्षर वळवत लिहिलं: "मोजा क्र. 2 पूर्ण. मोजा क्र. 1 ची टाच विरली आहे. दुरुस्ती प्रलंबित."